आप्पांचा किल्ट

बॅगपाइप वाजवणाऱ्या डच माणसाला कुणी काही विचारत नाही. फेल्डहोवनच्या आसपासच्या गावांत असे ढीगभर आहेत. कुणी छपरं दुरुस्त करतो, कुणी दातांचा डॉक्टर आहे, कुणी सुपरमार्केटात चीज कापतो. गुरुवारची संध्याकाळ झाली की ही मंडळी चौकटीचे लोकरी किल्ट कमरेला गुंडाळतात, गुडघ्यापर्यंत मोजे चढवतात आणि स्कॉटलंडशी आपला काडीचाही संबंध नाही हे जराही मनावर न घेता गाल फुगवून वाजवत सुटतात. लोक टाळ्या वाजवतात, फोटो काढतात. पण त्याच रांगेत उत्तरा उभी दिसली, की एखादी तरी भली व्यक्ती हसत हसत जवळ येते आणि विचारते, "पण तू कशी काय इथं?"

उत्तराचं डोकं सणकायचं ते इथंच. विचारणारा वाईट नसायचा, म्हणून तर जास्त सणकायचं. वाईट माणसाला तोडून टाकता येतं. या लोकांना मात्र हसून, व्याकरण सांभाळून, डच भाषेत सगळं पहिल्यापासून सांगावं लागायचं, आणि सांगून झालं की ते म्हणायचे, "वा, किती गंमत!" गंमत कसली डोंबलाची?

या देशात ती आली ती शैलेंद्रची बायको म्हणून. शैलेंद्र चिप बनवण्याची यंत्रं तयार करणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. त्याच्या परमिटच्या शेपटीला हिचं परमिट. पुण्यात ती पॅथॉलॉजी लॅबमध्ये होती. इथं त्या अनुभवाचा कुणाला उपयोग नव्हता. पार्टीला गेलं की "आणि तू काय करतेस?" या प्रश्नाला उत्तर नसायचं. शेवटी वैतागून तिनं डच शिकून पायांची निगा राखण्याचा रीतसर डिप्लोमा केला आणि घरातल्या मागच्या खोलीत स्वतःचा व्यवसाय थाटला. साताऱ्याहून आई म्हणाली, "एवढी शिकलेली पोरगी, आणि परक्या म्हाताऱ्यांची नखं कापतेस?" पण धंदा चालला. ब्राबांट प्रांतातल्या म्हाताऱ्यांच्या पायांना कुरूप फार.

असाच एक दिवस हॅरी फान हेस्टेल आला. छपराची कामं करणारा, पन्नाशीचा, आडदांड. अंगठ्याचं नख मांसात घुसलेलं. नख कशानं घुसलं तर म्हणे बँडच्या बुटांनी. तो पाइप बँडचा प्रमुख होता. उत्तरानं मान खाली घालून काम करता करता सहज म्हटलं, "माझे आजोबा वाजवायचे बॅगपाइप. लष्करात." हॅरीनं पाय इतक्या जोरात ओढला की अंगठा हत्यारापासून थोडक्यात वाचला.

त्याला तिनं सांगितलं ते असं. आप्पा, म्हणजे तिच्या वडिलांचे वडील, पलटणीच्या बँडमध्ये होते. त्यांना वाजवायला शिकवलं मॅकी नावाच्या स्कॉटिश बँडमास्तरानं. मॅकीसाहेब कडक होता, सूर चुकला की छडी मारायचा. सत्तेचाळीस साली तो मायदेशी निघाला तेव्हा बोटीत बसण्याआधी त्यानं आप्पांना बोलावलं आणि स्वतःचा किल्ट त्यांच्या हातात दिला. बँडचा नव्हे, घरचा. त्याच्या कुळाची चौकट असलेला. हिरवा-निळा, त्यात बारीक पिवळी रेघ. का दिला ते आप्पांनी कधी सांगितलं नाही. एवढंच म्हणायचे, "त्याला मुलगा नव्हता."

निवृत्त होऊन आप्पा साताऱ्याला आले. दर सव्वीस जानेवारीला आणि पंधरा ऑगस्टला शाळेच्या मैदानावर ते तो किल्ट नेसून वाजवत चालायचे. पोरं "घागरा, घागरा" करून ओरडायची. आप्पांचा ताल चुकायचा नाही. पुढच्या ओळीत बसलेल्या लहानग्या उत्तराला आप्पा पुढून गेले की दिसायच्या त्या किल्टच्या मागच्या निऱ्या. पाऊल डावं पडलं की सगळ्या मिळून इकडे, उजवं पडलं की तिकडे, एकही मागं राहायची नाही. जगात याहून देखणं काही असेल असं तिला वाटलं नव्हतं. "मला शिकवा," म्हणून ती त्यांच्या मागं लागायची. आप्पा म्हणायचे, "दम लागतो त्याला. पोरीबाळींचं काम नाही ते."

पोरीबाळींचं काम नव्हतं, ते तिनं वयाची चाळिशी उलटल्यावर फेल्डहोवनमध्ये केलं. हॅरीनंच शिकवलं. शेजारच्यांनी तक्रार केली, लेक श्रुती कानात बोळे घालून अभ्यासाला बसली, शैलेंद्रनं कामाचे कॉल माळ्यावरच्या खोलीत हलवले. आणि एक दिवस सूर लागला. त्या दिवशी उत्तरा ढसाढसा रडली होती.

यंदा ऑक्टोबरात त्या भागाच्या मुक्ततेला ऐंशी वर्षं होत होती. महायुद्धात स्कॉटिश पलटणींनी ही गावं जर्मनांच्या तावडीतून सोडवली, म्हणून तर इथं घराघरात बॅगपाइपचं एवढं कौतुक. हॅरीच्या गावात मोठी परेड ठरली. खुद्द स्कॉटलंडहून त्या सैनिकांची मुलं-नातवंडं येणार होती. हॅरीनं ठरवलं की पहिल्या रांगेत ज्यांचं घराणं या वाद्याशी जोडलेलं आहे त्यांनी चालायचं, आणि बँडचा गणवेश न घालता आपापल्या घरचा किल्ट घालून चालायचं. असे बँडमध्ये तिघंच होते. एकाची आई एडिंबराची, एकाच्या बायकोचे काका तिकडचे, आणि तिसरी उत्तरा.

खेमेंटेच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, हॉलमध्ये समितीची बैठक झाली. समितीच्या अध्यक्ष अ‍ॅनेलीस, निवृत्त शिक्षिका, बोलणं लोण्यासारखं मऊ. त्यांनी उत्तराचा हात हातात घेतला. "किती छान कल्पना! पण मला एक सुचतंय. तू तुमची ती साडी नेसून पाहुण्यांचं स्वागत केलंस तर? रंग किती खुलून दिसतील! किल्ट काय, सगळेच घालणार आहेत."

"मी वाजवणार आहे," उत्तरा म्हणाली.

"हो हो, वाजव ना नंतर. पण फोटोत कसं, लोकांना कळायला हवं ना, की हे आजोबांचं वगैरे... म्हणजे मला पटतंय गं, पण..."

हॅरी मध्ये पडला. "तिच्याकडे किल्ट आहे. मॅकींच्या घरचा. माझ्याकडे नाही असला. शेवटच्या तालमीला घेऊन येईल ती, बघा डोळ्यांनी."

"मग तर प्रश्नच मिटला," अ‍ॅनेलीस म्हणाल्या. त्या हसल्या, आणि उत्तराला कळलं की प्रश्न मुळीच मिटलेला नाही. किल्ट आला तर ती पहिल्या रांगेत. नाही आला तर दारात उभी राहून गुलाबपाणी शिंपडायचं.

सायकल दामटत ती घरी आली ती बडबडतच. "माझा आजोबा छड्या खाऊन शिकला. आणि मी साडी नेसून हसत उभी राहू? यांच्यातल्या एकाच्या तरी आज्यानं खाल्लीय का छडी?"

"शांत हो," शैलेंद्र म्हणाला. शांत हो म्हटल्यानं आजवर जगात कुणी शांत झालेलं नाही, हे त्याला लग्नाला इतकी वर्षं होऊनही उमगलेलं नव्हतं.

तिनं साताऱ्याला फोन लावला. आप्पा जाऊन पाव शतक लोटलं होतं, वडीलही नव्हते. घरात आई एकटीच. "आई, आप्पांचा किल्ट आहे ना गं अजून?"

"तो होय?" आई म्हणाली. "आहे की लोखंडी कपाटात. डांबराच्या गोळ्या घातल्यात."

"मला हवाय. मी घालणार आहे. परेड आहे इथं."

"तू घालणार? पाय उघडे टाकून?"

"आई, इथं सगळ्या बायका घालतात. मोजे असतात वर."

"आणि थंडी?"

"नाही वाजत. पाठवशील ना?"

"पाठवते की," आई म्हणाली. "त्याला जरा नीटनेटका करून पाठवते." आईचा आवाज असा काही उत्साही होता, की उत्तराला भरून आलं. तेव्हाच तिनं ‘नीटनेटका म्हणजे काय?’ असं विचारायला हवं होतं. नाही विचारलं. आपल्या घरात कपडा नीटनेटका करणं म्हणजे काय काय असू शकतं, हे जन्मभर बघूनही नाही विचारलं.

पार्सल आणायला माणूस मिळाला तो दत्ता. शैलेंद्रच्या जुन्या मित्राचा भाऊ, अ‍ॅमस्टरडॅम झुइडओस्ट भागात आयटीत आणि राहायला शेजारच्या डीमनला. तो सुट्टीवरून परत येत होता. आला त्याच्या दुसऱ्या दिवशी उत्तरा गाडीनं डीमनला पोचली. दत्तानं दार उघडून आधी तक्रारच केली. "वहिनी, तुमच्या आईंनी मेतकूट, लोणचं, चकल्या सगळं कोंबलं. माझी भाजणी ठेवावी लागली घरी."

"सॉरी रे. पण तो कपडा?"

"ती काय, निळी पिशवी. तिला काही वजन नाही."

वजन नाही? उत्तरानं पिशवी उचलली, ती एका बोटावर झुलली. आठ वार लोकर. लहानपणी आप्पांचा किल्ट नुसता बघूनही भला जड दिसायचा, हात लावायची तर सोयच नव्हती. पण ती मनाला म्हणाली, तेव्हा मी लहान होते, म्हणून जड वाटायचा. दत्तानं केलेला चहा कसाबसा घशाखाली ढकलून ती निघाली.

आइंडहोवनला जाणाऱ्या गाडीत बसल्या बसल्या तिनं गाठ सोडली. वर आईच्या जुन्या साडीचा तुकडा, त्याखाली हिरवं-निळं कापड. तीच चौकट, तीच पिवळी रेघ. तिनं ते आनंदानं उलगडलं, आणि ते उलगडतच गेलं, गुडघ्यावरून पोटरीवर, पोटरीवरून पार बुटांपर्यंत.

तो परकर होता.

चांगला पायघोळ. वर नेफा, नेफ्यात नाडी, नाडीच्या टोकांना गोंडे. आतून मऊ अस्तर. खाली सुबक पिको. निऱ्या गायब. शिंप्यानं एकूण एक निरी उसवून कापड सपाट केलं होतं, कापून एकाखाली एक जोडलं होतं, म्हणजे मांडीच्या उंचीवर आडवी शिवण, आणि त्या शिवणीवर वरची चौकट खालच्या चौकटीशी जुळत नव्हती. पिशवीत अजून काहीतरी होतं. उरलेल्या कापडातून एक बिनबाह्यांचं जाकीट. आणि त्यातूनही जे उरलं त्याची चेन लावलेली पर्स, आणि तिच्यावर शोभेला म्हणून मॅकीसाहेबांच्या किल्टची चामड्याची दोन बक्कलं.

"किती सुंदर स्कर्ट!" समोर बसलेली बाई म्हणाली. "हातानं शिवलाय का?"

उत्तरानं नुसती मान हलवली. तिनं पर्स उलटी ठेवली. मग सुलटी केली. मग सगळं घाईघाईनं पिशवीत कोंबलं आणि आइंडहोवन येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत बसली. बाहेर काय होतं ते तिला आठवत नाही.

घरी शैलेंद्रनं परकर जेवणाच्या टेबलावर पसरला आणि यंत्राचा दोष शोधावा तसा वाकून बघितला. "हे उसवून परत पूर्ववत करता येईल ना? पायरी पायरीनं मागं यायचं."

"कापलंय ते, शैलेंद्र. कात्रीनं. तुमच्या कंपनीतलं सॉफ्टवेअर नाही ते."

"मग ऑनलाइन मागवू एक. तीच चौकट मिळेल. दोनेक आठवड्यांत येईल."

"तीच चौकट?" उत्तरा ओरडली. "मला चौकट नकोय! मला तो हवा होता. आप्पांच्या अंगावरचा. मॅकीनं दिलेला. तीच चौकट म्हणे! उद्या मी हरवले तर तू ऑनलाइन मागवशील का रे दुसरी?"

श्रुती जिन्यावरून डोकावली. "आई, जस्ट वेअर इट. इट्स काइंड ऑफ कूल."

"तू खोलीत जा."

आईचा फोन त्या संध्याकाळी आला. उत्तरानं उचलला नाही. दुसऱ्या दिवशीही आला, तिसऱ्या दिवशीही. आईनं मेसेज पाठवला, "बसला का नीट? कमरेत ढिला झाला तर नाडी आहेच." उत्तरा तो वाचायची आणि दातओठ खायची. काय बोलणार? बहात्तर वर्षांच्या बाईवर किंचाळायचं? तिनं प्रेमानं केलं, लेकीचे पाय झाकावेत म्हणून, थंडी वाजू नये म्हणून, वर कापड वाया जाऊ नये म्हणून जाकीट आणि पर्ससुद्धा. अशा माणसावर रागावता येत नाही, आणि न रागावता राहवत नाही. आठवडाभर ती नखं कापत होती आणि मनातल्या मनात भांडत होती. एका आजोबांनी विचारलंसुद्धा, "आज जरा जोरात लागतंय का गं?"

शेवटची तालीम शनिवारी दुपारी होती. उत्तरा पिशवी घेऊनच गेली. लपवून काय उपयोग? हॅरीनं परकर हातात घेतला, आडव्या शिवणीवरून जाडजूड बोट फिरवलं.

"माझे वडील पंचेचाळीसच्या उन्हाळ्यात जन्मले," मग तो हळूच म्हणाला. "आजीचं लग्न झालं नव्हतं. कुणीतरी स्कॉटिश होता, एवढंच ती बोलली. नाव नाही, गाव नाही. तुझ्याकडे निदान एवढं कापड तरी आहे."

तो मनापासून बोलत होता, ते तिला दिसत होतं. एरवी तिनं त्याचा हात धरला असता. पण त्या दिवशी तिला त्याचंही ऐकवेना. ज्याला त्याला तिची समजूत घालायची होती. ‘निदान’ हा शब्द ऐकून ऐकून तिला वीट आला होता.

अ‍ॅनेलीस आल्या, त्यांनी परकर पाहिला, जाकीट पाहिलं, पर्सचं तर फारच कौतुक केलं. "अगं, हेच घाल की! स्वागताला अगदी शोभेल. नाहीतर मग साडी?"

"मी शेवटच्या रांगेत चालेन," उत्तरा म्हणाली. "बँडचा किल्ट घालून. स्वागताला दुसरं कुणी बघा."

"जशी तुझी इच्छा," अ‍ॅनेलीस म्हणाल्या, आणि त्यांना मनातून हायसं वाटलेलं दिसलं.

हॅरीनं कोठीतल्या पेटीतून एक जादा किल्ट काढून दिला. तो कुणी कधीचा घातला नव्हता आणि त्याचा पार चुरगळा झाला होता. तो सायकलच्या मागं बांधून उत्तरा निघाली, आणि कालव्याकाठच्या सायकलवाटेवर पोचते न पोचते तोच खिशात फोन वाजला. आई. या वेळी तिनं सायकल आडवी टाकली आणि फोन उचलला.

"अगं, आहेस कुठं तू? बसला का नीट, ते तरी—"

"नाही बसला!" उत्तरा म्हणाली. "बसणारच नाही. काय केलंस तू ते? परकर केलास तू त्याचा! आप्पांच्या किल्टचा परकर! कुणाला विचारून? मी तिथं सगळ्यांना सांगून बसले, माझ्या आजोबांचा आहे, माझ्या घरचा आहे, आणि तू... पर्स! पर्स केलीस तू!"

उत्तराला वाटलं, आई आता रडणार. तिला लगेच वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं म्हणून आणखी राग आला.

पण आई रडली नाही. "झालं बोलून?" ती म्हणाली.

"माझा होता तो, आई."

"तुझा कसा गं? तू कधी हात तरी लावला होतास?"

उत्तरा आडव्या सायकलशेजारी गवतात बसली.

"नाही ना? लावू द्यायचे नाहीत ते. तुला नाही, तुझ्या बाबांना नाही. एक मलाच लावू द्यायचे. तो मान होता म्हणे माझा." आईचा आवाज चढलेला नव्हता. धान्य निवडताना बोलावं तशी ती बोलत होती. "लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी तो माझ्या हातात दिला. त्यांच्या हाताला कंप सुटला होता ना. आदल्या दिवशी आधी एकेक निरी कच्च्या टाक्यानं धरायची. पिवळी रेघ प्रत्येक निरीवर एकाच जागी यायला हवी. मग ओलं फडकं टाकायचं आणि कोळशाच्या इस्त्रीनं दाबायचं. इस्त्री फिरवायची नाही, दाबायची. एक निरी सुताएवढी सरकली तर म्हणायचे, उसव. सगळं. पहिल्यापासून. तू पोटात होतीस, पंधरा ऑगस्ट होता, माझ्या पायांना सूज. तरी दोनदा उसवायला लावलं मला. मॅकीसाहेबानं असंच शिकवलंय म्हणे."

"मला माहीत नव्हतं," उत्तरा म्हणाली.

"तुला कसं असणार? तू मैदानावर असायचीस पुढच्या ओळीत."

"आणि तू?"

"मी कुठली येणार? ते परत यायचे ते चार लोकांना जेवायला घेऊन. मी स्वयंपाकघरात. त्यांना तयार करून पाठवलं, की चपात्यांना बसायची. वाजलेलं ऐकू यायचं तेवढं." ती पुढं म्हणाली, "ते गेले तेव्हा कपाटात ठेवला, तो बघितलाच नाही परत. तू मागितलास तेव्हा काढला. मला वाटलं, आता ही पोरगीही तेच करत बसणार. शिंपी म्हणाला, काकू, एवढ्या सुरेख निऱ्या, खरंच कापू? दोनदा विचारलं त्यानं. मी म्हटलं, काप."

वाऱ्यानं सायकलला बांधलेला किल्ट फडफडत होता. उत्तरानं विचारलं, "म्हणजे तू मुद्दाम केलंस?"

"तुझे पाय झाकले जावेत हे होतंच," आई म्हणाली. "पण त्यानं कात्री लावली ना, तेव्हा मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?"

उत्तराला खूप बोलायचं होतं. हा वारसा होता, तुझ्या रागापायी तू माझ्या हातचा हिसकावलास, ऐंशी वर्षांनी एकदा येणारा दिवस माझ्यासाठी मातीत घातलास. आणि तिला हेही दिसत होतं की ज्या निऱ्या बघून ती या वाद्यामागं धावली, त्या आप्पांच्या नव्हत्याच, मॅकीच्याही नव्हत्या. लहानपणापासून मनाशी जपलेलं ते चित्र जणू कुणी उलटं करून दाखवलं होतं, आणि मागच्या बाजूला आई चुलीपाशी बसलेली होती. हे कळूनही राग जागचा हलत नव्हता, याचाच तिला सगळ्यांत जास्त राग आला.

"परेड दिसेल का मला?" आईनं विचारलं. "फोनवर? कधी बघितलं नाही मी ते चालणं."

"श्रुतीला सांगते," उत्तरा म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

परेडच्या आदल्या दिवशी संध्याकाळी तिनं बँडचा किल्ट टेबलावर अंथरला. शैलेंद्रनं वाफेची इस्त्री भरून दिली आणि शहाण्यासारखा खोलीबाहेर निघून गेला. उत्तरानं कच्चे टाके घातले, ओलं फडकं टाकलं, दाबलं. एक निरी धरावी तर शेजारची तिरकी व्हायची. दोन बोटं भाजली. रेघ काही केल्या एका रांगेत येईना. अर्ध्यावर आल्यावर तिनं सगळं उसवायला घेतलं, आणि मग इस्त्री आदळून म्हणाली, "मरू दे!" उरलेल्या निऱ्या जशा बसल्या तशा तिनं दाबून टाकल्या.

परेडच्या दिवशी ती शेवटच्या रांगेत चालली. पहिल्या रांगेत दोघंच होते, तिसरी जागा हॅरीनं रिकामी ठेवली होती. ती रिकामी जागा वळणावळणावर उत्तराच्या डोळ्यांत खुपत होती. रस्त्याच्या दुतर्फा लोक होते. तिच्या मागं कुणीच नव्हतं, फक्त पदपथावरून सायकल ढकलत, फोन उंच धरून श्रुती चालत होती. उत्तरा वाजवत होती ती चिडून, फुप्फुसं फाटेपर्यंत. त्या दिवशी तिनं कधी नव्हे इतकं चांगलं वाजवलं, असं हॅरी नंतर म्हणाला.

सगळं संपल्यावर ती धापा टाकत फुटपाथवर टेकली. श्रुतीनं फोन पुढं केला. आई पडद्याच्या इतक्या जवळ बसली होती की फक्त चष्मा आणि नाक दिसत होतं.

"दिसलं का?" उत्तरानं विचारलं.

"दिसलं. पोरीनं नीट धरला होता." आईनं चष्मा काढून पदरानं पुसला. "इस्त्री कुणी केली?"

"मीच."

"ते दिसतंय."

उत्तराला हसू आलं आणि हसण्याचाही वैताग आला. आई चष्मा पुसतच होती. बराच वेळ पुसत होती.

"असं दिसतं होय ते, चालताना," ती म्हणाली. "सगळ्या मिळून एकदम हलतात."

"हो, आई."

"मला वाटायचं, कशाला एवढा जीव काढतात माझा."

उत्तरा वाट बघत राहिली. कापायला नको होतं, एवढं आई आता म्हणेल असं तिला वाटलं. आई काही ते म्हणाली नाही.